मुलगा स्कूटर चालवताना मेसेज टाइप करतो, 'एकच सेकंद लागतो' म्हणतो. त्याला कसं समजवावं?

मी नाशिकला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते, त्यामुळे तुमच्या मुलासारखी, नुकतंच अठरावं पूर्ण करून लायसन्स काढलेली मुलं रोज भेटतात. 'अपघात होईल' या धमकीचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. आधी त्या एका सेकंदाचं गणित करा.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी ट्रकमध्ये कॅमेरे लावून अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग तपासले. २००९ साली त्यांनी सांगितलं की मेसेज करणाऱ्या चालकांची नजर सहा सेकंदांतले साडेचार सेकंदांहून जास्त वेळ रस्त्यावर नव्हतीच. ताशी ४० किलोमीटर वेगाने स्कूटर तेवढ्या वेळात ५० मीटर पुढे गेलेली असते. मुलाला तुमच्याच गल्लीत ५० मीटर पावलांनी मोजायला लावा. वाटेत किती फाटकं लागतात, लहान पोरं सायकल घेऊन कुठून एकदम बाहेर येतात, हे त्याला तोंडपाठ असेल.

मग हातांबद्दल बोला, कारण हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. अ‍ॅक्सिलरेटर उजव्या मुठीत, म्हणून मोबाइल डाव्या हातात येतो. गिअरलेस स्कूटरचा मागचा ब्रेक नेमका डावीकडे असतो, आणि नव्या स्कूटरना २०१९ पासून आलेला कॉम्बी ब्रेकही, म्हणजे एकाच लिव्हरने दोन्ही चाकांना लागणारा ब्रेक, याच लिव्हरवर चालतो. म्हणजे समोर कोणी आलं की उरतो फक्त पुढचा ब्रेक. तो घाबरून करकचून दाबला आणि खाली वाळू असली, तर पुढचं चाक घसरून गाडी आडवी होते. बंद स्कूटरवर बसवून मी हे दाखवते, तेव्हा मुलं वाद घालायची थांबतात.

हेल्मेटमध्ये गालाशी फोन खुपसून बोलणं ही पळवाटही बंद करा. युटा विद्यापीठाचे डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००६ च्या अभ्यासात हातातला फोन आणि हँड्सफ्री यांत फरक आढळला नाही. लक्ष दोन्हींत सारखंच उडतं.

आता राग मानू नका, पण वाटेत त्याला मेसेज कोण करतं तेही बघा. 'कुठे पोहोचलास?', 'येताना कोथिंबीर आण' हे बहुतेक वेळा घरूनच जातं, आणि उत्तर आलं नाही की लगेच फोन. माझ्या मते सुधारणा इथूनच व्हायला हवी. निघताना एक मेसेज, पोहोचल्यावर एक, मधे कुणीही त्याला गाठायचं नाही. फोन सायलेंट करून सीटखालच्या डिकीत. मित्रांसाठी आयफोनमध्ये ड्रायव्हिंग फोकस आहे, 'गाडी चालवतोय' असं उत्तर आपोआप जातं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवरही तशी सोय असते.

कायद्याचं थोडक्यात: चालवताना फोन हातात धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली येतं, पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैद, किंवा दोन्ही.

धाकटी सोळाची आहे, तिला जवळच्या जवळ गाडी द्यावी का, असंही तुम्ही विचारलंत. देऊ नका. सोळाव्या वर्षी परवानगी मिळते ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या गिअरलेस गाडीची, तुमची ११० सीसी त्यात बसत नाही. तिच्या हातून गुन्हा घडला तर कलम १९९ए खाली पालकांना किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि तिला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.