आधी स्कूटर आणा

*ताई,*

*मी ४१ वर्षांचा. पुण्यात सतरा वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी बायको-मुलीसह माझ्या गावी, जुन्नरला परत आलो. वडिलांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं, जवळ कुणीतरी हवं होतं. बायकोने एका शब्दाने विरोध केला नाही. माझं काम घरून चालतं, तीही तिचं हिशेबाचं काम लॅपटॉपवर करते. मुलगी आठ वर्षांची, इथल्या शाळेत छान रुळली. पुण्यातली भाड्याची जागा सोडली, सोफा आणि कपाट देऊन टाकलं, बायकोची नऊ वर्षं जुनी स्कूटर विकली, कारण इथे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे.*

*मी इथे फार सुखात आहे. शनिवारी पहाटे शाळेतले मित्र आणि मी गाडी काढतो. नाणेघाट, चावंड, हडसर, निमगिरी, पावसात तर दर आठवड्याला. बायकोला मात्र बाहेर पडायला आवडत नाही. एकदा आमच्याबरोबर जीवधनला नेलं तर अर्ध्यातून मागे फिरली. नारायणगावला तिची कॉलेजची मैत्रीण राहते, तिच्याकडेही जात नाही. पुण्यात ती रविवारी सकाळी एकटी वेताळ टेकडीवर जायची, म्हणून मला वाटलं होतं की इथे खूश होईल. गेल्या महिन्यात म्हणाली, मला इथे गुदमरतं, पुण्याला परत जाऊया. इतक्या मोकळ्या हवेत गुदमरतं? मी दारू पीत नाही, घरात हातभार लावतो, आई-बाबा तिला मुलीसारखं वागवतात. तिला इथे रमवायचं कसं?*

*– एक जुन्नरकर*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वेळी तुमच्या शनिवारांचा हेवा वाटला. दुसऱ्या वेळी वडिलांसाठी गावी परतणाऱ्या मुलाबद्दल बरं वाटलं. तिसऱ्या वेळी मात्र एका ओळीपाशी अडकले ती अडकलेच. ‘बायकोची नऊ वर्षं जुनी स्कूटर विकली.’

सोफा, कपाट, स्कूटर. सामानाच्या यादीत तुम्ही ती लिहून टाकलीत आणि पुढे नाणेघाटावर गेलात. मी जरा हिशेब केला. मुलगी आठ वर्षांची, आणि दोन वर्षांपूर्वी विकताना स्कूटर नऊ वर्षांची. म्हणजे मुलगी जन्मायच्या आधी तीन वर्षं ती गाडी तिच्याकडे होती. ती ऑफिसला जात असेल तीच घेऊन, लेकीला बालवाडीत सोडत असेल तीच घेऊन, आणि रविवारी उजाडताना वेताळ टेकडीच्या पायथ्याशी लावत असेल तीही तीच. त्यासाठी कुणाला उठवावं लागत नव्हतं, कुणाची वाट पाहावी लागत नव्हती. बाहेर पडायला न आवडणारी बाई सुट्टीच्या दिवशी पहाटे टेकडी चढत नाही हो. तुम्हीच लिहिलंय आणि तुम्हालाच ते दिसलं नाही.

आता ‘सगळं चालत जाण्याच्या अंतरावर’ याबद्दल. गाव तुमचं आहे. तुम्ही पेठेतून चालत निघालात तर चार जण हाक मारतात, तुम्ही थांबता, चहा होतो, तुम्हाला बरं वाटतं. ती त्याच पेठेतून निघाली तर तेच चार जण विचारतात, ‘काय वहिनी, आज इकडं कुठं?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण मेडिकलमधून एक पुडी आणायला अकरा ओळखीचे चेहरे ओलांडायचे, आणि घरी पोचायच्या आत सासूबाईंना कळलेलं असतं की सूनबाई आज मेडिकलमध्ये गेल्या होत्या. चालत जाण्याच्या अंतरावर सगळं आहे ते असं आहे. त्याच्या पलीकडचं, म्हणजे लेण्याद्री, वडजचं धरण, कुकडेश्वर, नारायणगावची मैत्रीण, हे सगळं तुमच्या गाडीच्या अंतरावर आहे. आणि गाडी शनिवारी पहाटे तुम्ही नेता.

‘एसटी आहे की,’ असं तुम्ही म्हणाल. आहे. पण एसटीने मैत्रिणीकडे जायचं तर कधी निघू, कधी येईन, जेवणाचं काय, मुलीला शाळेतून कोण आणेल, हे सगळं आदल्या रात्री घरात मांडावं लागतं. तासाभराच्या गप्पांसाठी इतकी परवानगी गोळा करायची म्हटलं की माणूस जाणंच सोडतं. ‘तिच्याकडेही जात नाही’ असं तुम्ही लिहिलंत. जात नाही की जाता येत नाही, हे दोन वर्षांत एकदाही विचारलंत का?

आणि जीवधन! तुम्ही तिला पहिल्यांदा कुठे न्यावं, तर जीवधनला. जिथल्या पायऱ्या १८१८ साली इंग्रजांनी तोडल्या आणि तेव्हापासून तिथे कातळाला हात घालूनच वर जावं लागतं. बरोबर तुमचे शाळूसोबती, जे तो गड लहानपणापासून चढतायत. ती मागच्या सीटवर बसून आली, तुमच्या वेगाने चालली, तुमचे जुने किस्से ऐकले आणि कातळटप्प्यापाशी थांबली. ती तुमच्या मित्रांच्या सहलीतून मागे फिरली होती. तुम्ही नोंद केलीत की हिला डोंगर आवडत नाहीत.

ती हिशेबाचं काम करते ना? तुम्ही दर पावसाळ्यात ज्या नाणेघाटात उलटा धबधबा बघायला जाता, तिथल्या गुहेच्या भिंतीवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत काय काय दान दिलं ते त्यात कोरलंय, गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी, आणि तेही ब्राह्मी अंकांत, आकड्यांसकट. दिवसभर आकड्यांत डोकं घालून बसणाऱ्या बाईला त्या भिंतीसमोर तासभर उभं राहायला आवडेल की नाही, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, कारण तुमच्या शनिवारांत तिथे तासभर थांबायला कुणाला सवड नसते.

माझी एक गोष्ट सांगते. १९८४ साली लग्न होऊन मी एका तालुक्याच्या गावी आले. सासर चांगलं होतं. कुणी कधी अडवलं नाही. फक्त विचारायचे. कुठे निघालीस, बरोबर कोण आहे, किती वाजता येशील, थांब, भाऊजी सोडतील. भाऊजी खरंच सोडायचे आणि बाहेर चप्पल न काढता उभे राहायचे, मी आटपेपर्यंत. दोन वर्षांनी मी नवऱ्याला म्हटलं की मला माहेरी जाऊन राहायचंय. कारण विचारलं तर सांगता येईना. त्यांनी काय ओळखलं देव जाणे, आठवड्याने एक जुनी लुना घेऊन आले. मागचं मडगार्ड सुतळीने बांधलेलं. चढ आला की इंजिन धापा टाकायचं आणि पॅडल मारावं लागायचं. मी पदर कमरेला खोचला आणि कालव्याच्या रस्त्याने चारेक किलोमीटर गेले. एका बाभळीखाली गाडी लावली. पाण्याकडे बघत बसले, अर्धा तास असेल. परत आले. त्या दिवशी मी कुणाला भेटले नाही, काही आणलं नाही, सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. त्या गावात मी पुढे एकतीस वर्षं राहिले.

म्हणून तुमच्या प्रश्नातला ‘रमवायचं’ हा शब्द मला खटकला. रडणाऱ्या लेकराला खुळखुळा वाजवून रमवतात. ती सदतीस-अडतीसची बाई असेल, स्वतः कमावते, तुमच्या वडिलांसाठी स्वतःचं शहर सोडून आली आणि एका शब्दाने कुरकुरली नाही. तुम्ही ते समजूतदारपणा म्हणून लिहिलंत. तिने काय काय सोडलं त्याची यादी मात्र सामानाच्या यादीत मिसळून गेली.

पुण्याला परत जायचं की नाही, हा प्रश्न आज सोडवू नका. वाद नको, समजावणं नको, ‘तुला इथे काय कमी आहे’ तर अजिबात नको. येत्या शनिवारच्या आत स्कूटर आणा. नवी घ्या, नाहीतर चांगली जुनी बघा, पण तिला बरोबर नेऊन, तिने चालवून पाहिलेली आणि तिच्या नावावर. ‘घरात एक दुचाकी असलेली बरी’ असं म्हणत स्वतःच्या नावावर आणू नका. किल्ली तिच्या पर्समध्ये राहील, दारामागच्या खिळ्यावर नाही. खिळ्यावरची किल्ली सगळ्या घराची होते आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी पीठ दळून आणायला गाडी नेतं.

आणि त्या शनिवारी तुम्ही घरी थांबा. वडिलांचा व्यायाम तुम्ही करून घ्या, मुलीचा अभ्यास तुम्ही घ्या, दुपारी जेवायला काय करायचं ते आईंना तुम्ही विचारा. मित्र पहाटे हॉर्न वाजवतील, त्यांना जाऊ द्या. हडसर पुढच्या आठवड्यातही तिथेच असेल.

मला ठाऊक आहे, गाडी दारात आली की तुम्ही उत्साहाने यादी कराल. आधी लेण्याद्री कर, तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, जमतील. मग चावंडच्या पुढे कुकडेश्वर, कुकडीचा उगम बघ. खोडदला ४५ मीटरच्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, ती लांबूनसुद्धा भव्य दिसते. सगळ्या जागा खरोखर सुंदर आहेत आणि तुमचं प्रेम खरं आहे. तरीही तोंड बंद ठेवा. तिने विचारलं तर सांगा. वेताळ टेकडीची वाट तिला कुणी आखून दिली नव्हती.

आई-बाबा म्हणतील, बाईमाणसानं एकटं कुठं फिरायचं, बिबट्या आहे. बिबट्या आहेच, ते भय खोटं नाही. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र तुमच्या तालुक्यात उगाच उभं राहिलेलं नाही, आणि उसाच्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर तिन्हीसांजेला कुणीच रेंगाळू नये. अंधार पडायच्या आत परतायचं, उसाच्या कडेला थांबून वाकायचं-बसायचं नाही, फोन चार्ज करून न्यायचा. मात्र हा नियम घरातल्या सगळ्यांना सारखाच. तुम्ही किती शनिवारी रात्री आठला परतलात ते आठवा. तेव्हा घरात बिबट्याचा विषय निघाला होता का? आई-बाबांशी हे बोलणं तुमचं आहे. ते तिच्यावर सोपवू नका आणि ‘बघ ना, आईला काळजी वाटते’ असं म्हणत तिच्यापाशी नेऊ नका. ते तिला मुलीसारखं वागवतात म्हणालात ना, मग त्यांना सांगा की मुलीला आपण गाडी घेऊन दिली असती.

पहिल्या दिवशी कदाचित ती डोंगराकडे वळणारच नाही. नारायणगावला मैत्रिणीकडे जाईल, दोघी मिसळ खातील, चार तास बोलत बसतील आणि ती साडेपाचला परत येईल. किंवा वडजच्या पाण्याकाठी नुसती बसून येईल. कुठे गेली होतीस, काय पाहिलंस, फोटो काढलेस का, यातलं काहीही विचारू नका. चहा टाका. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल, आणि नाही सांगितलं तर पुढच्या शनिवारी टाकीत पेट्रोल आहे की नाही एवढं फक्त बघून ठेवा.