चित्रपुस्तकांवरून अॅनिमेशनपट करायचे आहेत, दिग्दर्शनापर्यंत कसं पोचायचं?

तुमचा प्रश्न: कुडाळला राहते, चित्रं बरी काढते, लहान मुलांच्या चित्रपुस्तकांवरून अॅनिमेशनपट करायचे आहेत, सुरुवात कुठून करू आणि मुंबईला जावंच लागेल का?

कुडाळला आहात तर आधी पिंगुळीत एक चित्रकथी बघून या. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो, आणि ते किती वेळ धरायचं हे त्याचं गाणं ठरवतं. आपल्या धंद्यात यालाच टायमिंग म्हणतात. तिथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचं ठाकर आदिवासी कला आंगण तिथेच आहे.

पुस्तकात वेळ मुलाच्या हातात असतो, पान त्याला हवं तेव्हा उलटतं. पडद्यावर ते पान तुम्हाला उलटायचं असतं, आणि नवशिके नेमके इथेच घसरतात. समजा एका पानावर मुलगी बिळात डोकावून विचारते, "भितुर कोण आसा?" (आत कोण आहे?) आणि पुढच्या पानावर ही मोठी कुर्ली, म्हणजे खेकडा. प्रश्न संपताच कट मारलात तर गंमत गेली. प्रश्नानंतर २० ते २४ फ्रेम (२४ फ्रेम म्हणजे एक सेकंद) चित्र तसंच ठेवा, फार तर मुलीची पापणी एकदा लवू दे. मग बिळातून खरखर ऐकू येऊ दे आणि त्यानंतर ६ ते ८ फ्रेमनी कुर्ली दाखवा. आधी कान, मग डोळे. आवाज आणि चित्र एकदम आलं तर मूल दचकतं, पण हसत नाही.

हिशेब असा. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं. शीर्षकाची वगैरे पानं सोडली की १२ ते १४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात. पाच मिनिटांची फिल्म म्हणजे ३०० सेकंद, २४ च्या गतीने ७,२०० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी ३,६०० चित्रं. एकट्याने हाताने काढायची तर दिवसाला दोन सेकंद झाले तरी पुष्कळ. म्हणून पहिल्या वर्षी फिल्म करू नका, अॅनिमॅटिक करा: कच्ची चित्रं, तुमच्याच आवाजातलं वाचन, नेमक्या वेळेवर बसवलेलं. क्रिटा, ब्लेंडर आणि ओपनटून्झ ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

पुस्तकातलं प्रत्येक वाक्य निवेदनात घेऊ नका. चित्रात कुत्रा शेपूट हलवत येताना दिसतोय, तर ते वाक्य गाळा. उलट कधी भर घालावी लागते. रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८ च्या 'द स्नोमॅन' या चित्रपुस्तकात शब्दच नाहीत. १९८२ ची फिल्म सुमारे २६ मिनिटांची, आणि तिच्यातला फादर ख्रिसमस पुस्तकात नाहीच.

आता चौकट. साडेआठ इंची चौरस पुस्तकाचं जोडपान १७ बाय साडेआठ, म्हणजे २:१. पडदा १६:९. रुंदी तीच ठेवली तर उंचीला इंचभर चित्र कमी पडतं, ते आभाळ किंवा वाळू वाढवून भरावं लागतं. कापून भागवू नका, मूळ चित्रकाराची मांडणी मोडते. पुस्तकात पात्र बऱ्याचदा एकाच बाजूने काढलेलं असतं. समोरून, पाठीमागून आणि तिरकं कसं दिसेल ते आधी काढून मूळ चित्रकाराला दाखवा. जलरंगाचा पोत प्रत्येक चित्रात नव्याने काढलात तर पात्र थरथरतं. थोडी थरथर गोड वाटते, सतत असली तर डोळे दुखतात.

हक्कांकडे दुर्लक्ष महागात पडतं. लेखक आणि चित्रकार यांचे हक्क वेगळे असतात, आणि प्रकाशकाकडे फिल्मचे हक्क असतीलच असं नाही. करार लेखीच करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि वेगळं ठरलं नसेल तर वर्षभरात हक्क वापरला नाही की तो जातो. अॅनिमेशनला वर्ष कधी सरतं कळत नाही, म्हणून हक्क वापरायची मुदत स्पष्ट लिहून घ्या. सरावासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा: तिथली बरीच पुस्तकं, मराठीसुद्धा, श्रेय देऊन वापरता येतात. प्रत्येक पुस्तकातला परवान्याचा मजकूर मात्र वाचा.

मुंबईचं म्हणाल तर शिकायला एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) अहमदाबाद किंवा आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइन विद्यालय, दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा असते. पण "दिग्दर्शक पाहिजे" अशी जाहिरात पाहून कोणी दिग्दर्शक होत नाही. स्टोरीबोर्ड (प्रसंगांची क्रमाने काढलेली कच्ची चित्रं), मग लेआउट (चौकटीतली मांडणी) आणि अॅनिमॅटिक, मग एखादा छोटा भाग, असंच वर चढतात. स्टोरीबोर्ड घरून करता येतो. तरी सुरुवातीची दोनेक वर्षं स्टुडिओत काढावीत असं माझं मत. चूक कुणाच्या टेबलावर येऊन अडते ते तिथेच कळतं.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर तिकडे जलरंगाचा कागद वाळता वाळत नाही. दमट कागद स्कॅनरवर सपाट बसत नाही, मग कडेला सावली येते. रंगकाम मेपर्यंत उरका, मूळ चित्रं सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात निवेदन रेकॉर्ड करू नका, कौलांवरचा आवाज मागाहून निघत नाही. तोच आवाज मात्र वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, पुढे लागतो.