ग्राउंड जातंय म्हणून सीझन सोडू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला. या सीझननंतर तुमच्या फुटबॉल क्लबला ग्राउंड सोडावं लागणार, टीम टेबलमध्ये खालून दुसरी, कमिटीत रोज भांडणं आणि अशा वेळी सेक्रेटरीचं काम तुझ्या गळ्यात. आधी ग्राउंडसाठी लढू की आधी टीम वाचवू असं विचारलंयस. माझ्या मते ही दोन कामं वेगळी नाहीतच, आणि ती वेगळी धरली की छोटे क्लब बुडतात.

इंग्लंडच्या ब्रायटन या फुटबॉल क्लबचा १९९६-९७ चा सीझन नीट वाच. आज प्रीमियर लीगमध्ये दिसतात म्हणून तुला तो मोठा क्लब वाटेल, पण तेव्हा ते इंग्लंडच्या चौथ्या डिव्हिजनमध्ये शेवटच्या नंबरवर होते. १९०२ पासूनचं गोल्डस्टोन ग्राउंड मालकांनी विकून टाकलेलं आणि नवीन जागा कुठे याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. आणि मालकांचा डाव उघडा कसा पडला माहितीये? क्लबच्या घटनेत एक कलम होतं, मालमत्ता विकून आलेला पैसा डायरेक्टरांच्या खिशात जाऊ नये यासाठीचं. ते गुपचूप काढून टाकलं होतं, आणि ते शोधलं कोणी, तर एका साध्या फॅनने, कागद वाचून! म्हणून पहिली गोष्ट, घोषणा देण्याआधी क्लबची घटना, लीज आणि लीगचे नियम तिन्ही पूर्ण वाच, कंटाळा आला तरी वाच, समजलं नाही तर वकिलाकडे बस, पण दुसऱ्याने सांगितलेल्या सारांशावर राहू नकोस.

आता आंदोलनाचं. तुमच्यातले काही जण मॅच चालू असताना मैदानात उतरायचं म्हणतायत ना? त्यांचा राग खरा आहे, मला तो कळतो. पण ब्रायटनच्या फॅन्सनी त्या सीझनला तेच केलं आणि क्लबचे २ पॉइंट कापले गेले. शिक्षा मालकांना नाही झाली, झाली ती धावणाऱ्या पोरांना. त्याच फॅन्सनी ८ फेब्रुवारी १९९७ ला दुसरं काहीतरी केलं. बाकी सगळ्या क्लबांच्या फॅन्सना बोलावलं, या, आपापली जर्सी घालून आमच्या शेजारी उभे राहा. आणि लोक आले, जन्माचे प्रतिस्पर्धीसुद्धा आले, स्टँड भरलं आणि टीमने हार्टलपूलला ५-० हरवलं. ज्या निषेधामुळे टीमला बळ मिळतं तो करा, ज्यामुळे पॉइंट जातात तो नको, माझा आग्रह इतकाच आहे.

शेवट तर अजून विलक्षण झाला. २६ एप्रिलला गोल्डस्टोनवरची शेवटची मॅच, डॉनकास्टरविरुद्ध १-०. लोक गवताचे तुकडे उपटून घरी घेऊन गेले. पण सीझन संपला नव्हता, पुढच्या आठवड्यात हेरफर्डच्या ग्राउंडवर मॅच आणि हरेल तो थेट लीगच्या बाहेर. ब्रायटन आधी ०-१ मागे, मग बदली म्हणून आलेल्या रॉबी रायनेल्टने बरोबरी केली, १-१. दोन्ही टीमचे पॉइंट सारखे झाले. त्या काळी तिथे पॉइंट सारखे असतील तर आधी एकूण किती गोल मारले ते बघायचे, आणि ब्रायटनचे जास्त होते. गोल डिफरन्स, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल, बघितला असता तर हेरफर्ड वाचले असते, विचार कर. म्हणजे ऑक्टोबरात कुठल्यातरी हरलेल्या मॅचमध्ये मारलेला एक फालतू वाटणारा गोलही शेवटी उपयोगी पडला. तुझ्या कोचला हे सांग, पोरांनाही सांग, ३-० ने मागे असलात तरी एक गोल मारा. आणि तुमच्या लीगमध्ये पॉइंट सारखे झाले तर काय नियम आहे तो आजच बघून ठेव.

आता माझी खरी काळजी सांगते, ती 'तात्पुरतं' या शब्दाची आहे. तुमच्या कमिटीने पत्रात लिहिलंय की तात्पुरतं दुसऱ्या क्लबबरोबर ग्राउंड शेअर करू. ब्रायटन तात्पुरतं जिलिंगहॅमला गेले, साधारण ७० मैल लांब, दोन सीझन, आणि होम मॅचला जेमतेम दोन-तीन हजार लोक. मग विथडीन नावाच्या ॲथलेटिक्सच्या मैदानावर, जिथे प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये रनिंग ट्रॅक, तिथे १९९९ ते २०११. स्वतःचं स्टेडियम मिळेपर्यंत १४ वर्षं गेली. विम्बल्डनने (टेनिसवालं नाही, लंडनचा फुटबॉल क्लब) १९९१ मध्ये आपलं प्लाव लेन ग्राउंड सोडलं, तेही दुसऱ्याच्या ग्राउंडवर गेले, आणि पुढे क्लबच उचलून मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरात नेला. फॅन्सनी २००२ मध्ये नवीन क्लब सुरू केला, अगदी खालच्या लीगपासून, आणि २०२० ला प्लाव लेनवर परतले. जिद्द मोठी आहे, पण एवढी वर्षं कोणावर येऊ नयेत. म्हणून शेअरिंगच्या करारात तारीख हवीच, किती सीझन, कुठल्या दिवशी ग्राउंड मिळणार, मॅच पुढे गेली तर काय, प्रॅक्टिस कुठे, आणि नवीन जागेचं काम कुठपर्यंत आलं हे मेंबर्सना दर महिन्याला लेखी कळवायचं.

बरं, चांगलं उदाहरणही आहे. लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबने १९०४ पासूनचं ग्रिफिन पार्क ग्राउंड २०२० मध्ये सोडलं, पण नवीन स्टेडियम उभं राहिल्यावर सोडलं, आणि ग्राउंड विकण्याच्या निर्णयावर फॅन्सच्या ट्रस्टकडे नकाराचा हक्क होता. कोविडमुळे शेवटच्या मॅचला प्रेक्षक नव्हते, निरोप घेता आला नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण क्लब रस्त्यावर आला नाही. तसा नकाराचा हक्क तुमच्या मेंबर्सना घटनेत मिळतो का, ते वार्षिक सभेत मांड, लगेच मांड, कारण ग्राउंड गेल्यावर ते मागायला काही उरत नाही.

टीमसाठी एक छोटं काम. नवीन मैदान टेप घेऊन मोज. नियमात लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर एवढी मोकळीक आहे, त्यामुळे तुमचे विंगर, म्हणजे कडेने खेळणारे, जुन्या मैदानाच्या अंदाजाने गोलसमोर क्रॉस मारत राहतील आणि पहिल्या चार होम मॅच बाहेरच्यासारख्या वाटतील. परवानगी काढून सुट्टीतच तिथे प्रॅक्टिस सुरू करा.

आणि या आठवड्यात वही घेऊन स्टँडमध्ये फिर. जे वयस्कर लोक वर्षानुवर्षं एकाच जागी बसतात त्यांना विचार, नवीन ठिकाणी कसे येणार, बस आहे का, पायऱ्या चढता येतील का, शेजारी कोण हवं. त्यांची नावं आणि फोन लिहून घे. ही यादी मॅनेजरच्या प्लेअर लिस्टइतकीच गरजेची आहे, आणि ती करायला कमिटीची मंजुरी लागत नाही. घटना आणि लीजची कॉपी मला पाठव, रविवारी बसून वाचते आणि फोन करते.

तुझी,
ताई