पोलीस स्मृतिदिनाच्या फलकावर 'हुतात्मा' लिहावे की 'शहीद'?

वाळवा तालुक्यातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, २१ ऑक्टोबरला शाळेत कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पोलिसांचे स्मरण करायचे आहे, तर फलकावर 'शहीद पोलीस' लिहावे की 'हुतात्मा पोलीस'. त्यांची खरी अडचण पुढच्या वाक्यात आहे. 'आमच्याकडे हुतात्मा म्हटले की बेचाळीसचे हुतात्मे आठवतात आणि ते तर पोलिसांच्याच गोळ्यांनी गेले. मग पोलिसाला हुतात्मा म्हणणे शोभेल का?'

ही अडचण सातारा-सांगलीच्या माणसालाच पडावी अशी आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले. आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता, त्यामुळे ही आठवण दोन्ही जिल्ह्यांची सामाईक आहे. मात्र 'हुतात्मा' या शब्दात मारणारा कोण होता किंवा मरणाऱ्याच्या अंगावर कोणता गणवेश होता, याची नोंद नाही. 'हु' म्हणजे अग्नीत आहुती देणे. त्यावरून 'हुत', म्हणजे अर्पण केलेले. आणि ज्याने स्वतःलाच अर्पण केले तो हुतात्मा. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून हा शब्द मराठीत रुळला आणि स्वातंत्र्यलढ्याने त्याला आजचे वजन दिले. परक्या सत्तेच्या आज्ञेने गोळी झाडणारा पोलीस आणि आपल्या लोकांच्या रक्षणासाठी गोळी झेलणारा पोलीस यांना केवळ खात्याच्या नावामुळे एक मानण्याचे कारण नाही. म्हणून पोलिसाला हुतात्मा म्हटल्याने वडूजच्या नऊ जणांचा मान तसूभरही उणा होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात या दिवसाचा उगमही गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत नाही. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याने केलेल्या हल्ल्यात भारताचे दहा पोलीस मारले गेले. तिबेटलगतच्या सीमेची राखण तेव्हा पोलिसांकडे होती. त्यांचे मृतदेह १३ नोव्हेंबरला परत मिळाले आणि तेथेच पोलीस इतमामाने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासूनच्या परिपाठानुसार आधीच्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर प्राण गमावलेल्यांची नावे या दिवशी संचलनाच्या मैदानावर वाचली जातात.

'शहीद' हा शब्द अरबी असून त्याचे मूळ 'साक्ष' या अर्थाशी जोडलेले आहे. ग्रीक भाषेतही याच अर्थाचा शब्द मुळात साक्षीदारालाच लावला जाई. आपल्या निष्ठेची साक्ष प्राण देऊन पटवणारा, ही ती कल्पना आहे. हा शब्द मराठीला परका राहिलेला नाही, कारण 'शहीद भगतसिंग' आणि 'हुतात्मा राजगुरू' ही दोन्ही संबोधने आपण सारख्याच सहजतेने उच्चारतो. तेव्हा तो चुकीचा नाही; पण हाताशी इतका अर्थपूर्ण मराठी शब्द असताना शाळेच्या फलकावर मी 'हुतात्मा'च निवडेन. एवढे मात्र ध्यानात असावे की सरकारी व्याख्येत 'शहीद' हे अधिकृत पद नाही, त्यामुळे हा प्रश्न शासननिर्णयाचा नसून भाषेच्या विवेकाचा आहे.

'बळी' हा शब्द टाळावा. बलीही अर्पणच असते, म्हणून मूळ अर्थाने तो 'हुत'च्या जवळ आहे. परंतु बळी दुसरा कोणी देतो, आणि आजच्या वापरात 'बळी गेला' म्हणताना माणसाचे असहायपण पुढे येते.

जुन्या मराठीतला एक प्रयोग मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. बखरींत लढाईत पडलेल्या माणसांबद्दल 'कामास आले' असे म्हटलेले आढळते. 'धारातीर्थी पडणे' यात तलवारीच्या धारेला तीर्थाचे पावित्र्य दिलेले आहे आणि तो प्रयोग भव्य आहे, पण 'कामास येणे' यात माणूस आणि त्याने हाती घेतलेले काम एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. नाकाबंदीवर उभा असताना वाहनाखाली चिरडला गेलेला अंमलदार, पुरातून माणसे काढताना वाहून गेलेला शिपाई यांच्याविषयी बोलताना हा प्रयोग जितका खरा वाटतो, तितका मोठ्या घोषणेतला शब्द वाटत नाही. तो पुन्हा वापरात यावा, असे मला मनापासून वाटते.

क्रियापदाबाबतही सावध राहायला हवे. 'हौतात्म्य पत्करले' हा प्रयोग सरसकट सर्वांना लावला जातो. पत्करणे म्हणजे समोर आलेले जाणूनबुजून स्वीकारणे. जावळी तालुक्यातील केडंब्याचे सुपुत्र, सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ, हाती केवळ लाठी असताना, कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या; त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. तिथे 'पत्करले' हे क्रियापद अक्षरशः खरे आहे. बेसावध असताना स्फोटात गेलेल्या जवानाविषयी मात्र 'वीरमरण आले' म्हणणे अधिक नेमके ठरेल. त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही, कारण मृत्यूची शक्यता त्याने गणवेश चढवला त्या दिवशीच मान्य केलेली असते. म्हणूनच 'हुतात्मा' हे नाम मी सर्वांना लावतो आणि 'पत्करले' हे क्रियापद जपून वापरतो.

आता शुद्धलेखन. 'हुतात्म्य' चूक, 'हौतात्म्य' बरोबर. 'महात्मा'वरून 'माहात्म्य' होते तसेच हे आहे. अनेकवचन 'हुतात्मे', सामान्यरूप 'हुतात्म्यां-', म्हणून 'हुतात्म्यांना'. 'स्मृती' सुटा लिहिताना दीर्घ, पण समासात ऱ्हस्व, म्हणून 'स्मृतिदिन' आणि 'स्मृतिस्तंभ'. 'पोलीस' मधील 'ली' दीर्घ, पण 'पोलिसांना' लिहिताना ऱ्हस्व.

तेव्हा बाई, आपल्या फलकावर 'पोलीस स्मृतिदिन, २१ ऑक्टोबर' असे लिहावे आणि त्याखाली 'कर्तव्य बजावताना कामास आलेल्या हुतात्म्यांना अभिवादन' ही ओळ घ्यावी. जागा उरल्यास आपल्या जिल्ह्यातील हुतात्म्यांची नावे, पदासह आणि गावासह, पूर्ण लिहावीत.