बहुतेक शिल्लक नमुनापटात घालावी का?

आपण टोकियोत भाषांतराची कायम नोकरी करता आणि आपले जपानी पती स्वतंत्रपणे काम करणारे ॲनिमे दिग्दर्शक आहेत. त्यांचा पहिला चित्रपट चांगला चालला असून, दोघांच्या ९० लाख येन शिलकीतले ६० लाख घालून पुढच्या चित्रपटाचा आठ मिनिटांचा नमुनापट, म्हणजे निर्मात्यांना दाखवायचा छोटा नमुना, स्वतःच करावा, अशी त्यांची इच्छा असल्याचे आपण कळवले आहे. नमुनापट जरूर करावा, मात्र २५ लाखांत, असे माझे मत आहे.

त्यांच्या म्हणण्यात मोठे तथ्य आहे. जपानी कॉपीराइट कायद्याच्या २९व्या कलमानुसार चित्रपटाचा कॉपीराइट सामान्यतः निर्मात्याकडे जातो. त्यामुळे करारात वेगळी तरतूद नसेल, तर गल्ला कितीही जमला तरी दिग्दर्शकाच्या हाती ठरलेले मानधनच पडते. स्वतःच्या पैशाने केलेल्या नमुनापटाचे हक्क त्यांच्याकडे राहू शकतात, अर्थात काम करणाऱ्या प्रत्येकाशी लेखी करार केला तरच.

त्यांच्या कलेविषयी मला शंका नाही. चिंता आहे ती दोन कामांमधल्या रिकाम्या काळाची. ॲनिमे दिग्दर्शक मामोरु ओशिई यांचा ‘एंजल्स एग’ १९८५ साली आला आणि चालला नाही. त्यानंतर त्यांना काम मिळणे अवघड झाले, आणि १९८८च्या ‘पॅटलेबर’पासून त्यांची घडी पुन्हा बसू लागली. दुसरे ॲनिमे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या १९७९ सालच्या पहिल्या चित्रपटाला तिकीटखिडकीवर बेताचाच प्रतिसाद मिळाला आणि दुसरा चित्रपट थेट १९८४ साली आला. मधल्या काळात त्यांनी दूरचित्रवाणीची कामे केली आणि १९८२पासून मासिकात एक चित्रकथा क्रमशः काढली. दुसरा चित्रपट तिच्यावरच उभा राहिला. घरची शिल्लक न मोडताही गोष्ट निर्मात्यांपुढे मांडता येते, हे मला यात फार मोलाचे वाटते. आपल्या पतींनीही आधी संपूर्ण एकोन्ते, म्हणजे दृश्यांचा रेखाटलेला आराखडा, पुरा करावा आणि त्यातली दोन-तीन मिनिटेच पूर्ण ॲनिमेशनमध्ये उतरवावीत.

आता हिशेब पाहू. आपला घरखर्च महिना साडेतीन लाख येन आणि आपला हाती येणारा पगार २ लाख ३० हजार, म्हणजे त्यांचे काम थांबल्यास महिन्याला १ लाख २० हजारांची तूट येईल. तीन वर्षांसाठी सुमारे ४३ लाख बाजूला हवेत. शिवाय रहिवासी कर आणि राष्ट्रीय आरोग्यविम्याचा हप्ता आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरतो, त्यामुळे यंदाच्या मानधनाचे ओझे पुढच्या, कदाचित कोरड्या, वर्षावर पडेल. त्यासाठी ७ लाख ठेवावेत. उरलेल्या ४० लाखांपैकी १५ लाख आजारपण आणि पुण्याच्या तातडीच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवावेत. बाकीचे २५ लाख नमुनापटासाठी.

पतींचे वार्षिक उत्पन्न १३ लाख येनांच्या खाली जाण्याची चिन्हे दिसताच, आपल्या आरोग्यविम्यात त्यांची अवलंबित म्हणून नोंद होईल का, हे आपल्या कार्यालयात विचारून घ्यावे.