कडे दोनदा का फिरवतात?

प्रश्न : जादूच्या प्रयोगात आडवी झालेली साहाय्यिका हवेत वर जाते आणि जादूगार तिच्या अंगावरून एक अखंड कडे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवतो. आधार असता तर कडे अडले असते. मग हा संमोहनाचा परिणाम समजावा का?

उत्तर : संमोहनाने माणसाचे वजन तसूभरही कमी होत नाही. मात्र असे काही कारण पुढे करण्याची रीत जुनी आहे. 1846 मध्ये बोस्टनला ईथरने भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया गाजली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये रोबेर-ऊदँ या जादूगाराने, ईथर हुंगवल्यामुळे आपल्या मुलाचे शरीर हलके झाले आहे असे सांगून, त्याला केवळ एका काठीवर कोपर टेकवून हवेत आडवे केले. प्रत्यक्षात मुलाच्या कपड्यांखाली धातूचा सांगाडा होता आणि तो त्या काठीत पक्का बसवलेला होता.

आपण पाहिलेला प्रयोग त्याच्या पुढचा आहे. लंडनमध्ये मॅस्कलिन आणि अमेरिकेत केलर या जादूगारांनी तो विसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय केला. याच्या एका रचनेत साहाय्यिका एका अरुंद फळीवर निजलेली असते, फळीच्या मध्याजवळ पोलादी गज जोडलेला असतो आणि तो मागच्या पडद्याआड जातो. जादूगार बहुधा नेमका त्या गजाच्या समोर उभा राहतो.

कड्याचे उत्तर गजाच्या आकारात आहे. हा गज सरळ नसतो. फळीला जोडण्यापूर्वी तो हंसाच्या मानेसारखा खोल वळलेला असतो. कडे पायांकडून ओवले की त्याची मागची कड या बाकात शिरते आणि पुढची कड अंगावरून सरकत डोक्यापलीकडे निघते. प्रेक्षकांना कडे सुटल्यासारखे वाटते, परंतु ते अजून गजात अडकलेले असते. म्हणून जादूगार ते मागून वळवून पुन्हा पायांकडूनच ओवतो, आणि दुसऱ्या फेरीनंतर ते खरोखर मोकळे होते. खात्रीसाठी केल्यासारखी वाटणारी ती दुसरी फेरी म्हणजे खरे तर सुटकेचा मार्ग असतो. मला या प्रयोगातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

पडताळा घ्यायचा असेल, तर छोट्या पेन्सिलीच्या मध्याला जाड तारेचे एक टोक घट्ट बांधावे, बांगडीची कड आत शिरेल इतका खोल बाक तारेला द्यावा आणि तारेचे दुसरे टोक जड पुस्तकांखाली दाबून ठेवावे. पहिल्या फेरीनंतर बांगडी तारेवर लोंबकळत राहते. त्याच टोकाकडून पुन्हा ओवली की ती अलगद हातात येते.