पडद्यामागून : एकच हॉल, शुक्रवारी सिनेमा, रविवारी गाणं

प्रश्न : आमच्या वाचनालयाचा दोनशे खुर्च्यांचा हॉल आहे. दर महिन्याला एक सिनेमा दाखवायला सुरुवात केली. पार्श्वसंगीत दणदणीत ऐकू येतं, पण संवाद कळत नाहीत. चित्रही फिकं दिसतं. समितीचं म्हणणं, नवा प्रोजेक्टर आणि मोठे स्पीकर घेऊन टाकू. घ्यावेत का? – एक वाचिका, चिपळूण

उत्तर : ताई, कोटेशनवर सही करू नका. निदान पुढचा खेळ होईपर्यंत तरी नको.

संगीत येतं आणि बोलणं येत नाही, म्हटल्यावर मी आधी लॅपटॉप उघडला असता. हल्लीच्या बहुतेक सिनेमांचा आवाज पाच स्पीकर आणि एक बेसचा डबा धरून केलेला असतो. त्यातलं बोलणं जवळजवळ सगळं मधल्या स्पीकरला दिलेलं असतं, जो थिएटरात पडद्याच्या मागे असतो. तुमच्याकडे आहेत डावा आणि उजवा. मधला नाहीच, हे तुमच्या प्लेअरला कोणी सांगितलेलं नसणार. तो बिचारा संवाद मधल्या वाटेने पाठवतो आणि ते तिथेच गडप होतात. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन ‘स्टिरिओ’ करा. पैसा लागत नाही. मोठे स्पीकर आणले असते तर तेच संगीत आणखी मोठ्याने आणि संवाद तितकेच गायब, एवढंच झालं असतं.

चित्राचं म्हणाल तर पूर्ण अंधारात बारा फुटी पडद्याला तीन हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर भरपूर होतो. तुमचा अंधार पूर्ण नाही. खिडक्यांना काळं कापड लावलंय, असं प्रत्येक मंडळ सांगतं. दुपारी चार वाजता दिवे घालवून, दारं लावून आत पाच मिनिटं उभ्या राहा. झरोके, दाराखालची फट, हिशोबाच्या टेबलावरचा दिवा, सगळे चोर दिसायला लागतील. पडद्याशेजारच्या भिंती आणि वरचं छत पांढरं असेल तर पडद्यावरचाच उजेड तिथे आपटून परत पडद्यावर येतो आणि काळ्याचं करडं करतो. तेवढ्या भागाला गडद, बिनचमकीचा रंग द्या.

आणखी एक. १९३६चा ‘संत तुकाराम’ लावाल तेव्हा चित्र ताणून पडदा भरवू नका. त्या काळचं चित्र चौकोनाकडे झुकलेलं असतं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. ‘पडदा रिकामा दिसतो’ म्हणून कोणीतरी रिमोटचं बटण दाबतो आणि मग तुकोबा, आवली, सगळा देहू गाव अंगाने सुटल्यासारखा दिसतो.

प्रश्न : आम्ही तिकीट लावत नाही. शिवाय सभासदांपैकी एकाकडे ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे. मग परवानगी कशाला? – सांस्कृतिक मंडळाचे सचिव, बार्शी

उत्तर : कारण ते सबस्क्रिप्शन घरात बसून बघायचं आहे, हॉलमध्ये दीडशे लोकांना दाखवायचं नाही. अटी वाचा, स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘फुकट आहे म्हणजे चालतं’ ही समजूत कॉपीराइट कायद्यातल्या एका सवलतीमुळे पसरली असावी. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांपुढे नाटक किंवा गाणं सादर केलं तर १९५७च्या त्या कायद्यात सूट आहे. पण ती साहित्यकृती, नाटक आणि संगीताच्या सादरीकरणाला आहे. त्या कलमात सिनेमाचं नाव नाही.

सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे १९६४ पर्यंतचे सिनेमे २०२४ अखेर त्यातून सुटले. चांगली प्रत मात्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मागावीच लागते. मोबाइलवर फिरणारी फाइल मोठ्या पडद्यावर लावली की तिचं पितळ उघडं पडतं. नव्या सिनेमासाठी निर्मात्याला सरळ पत्र लिहा. छोट्या मराठी सिनेमांचे निर्माते अशा पत्रांना उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. प्रेक्षक त्यांनाही हवाच असतो. सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे ना, तेही त्याच पत्रात विचारा.

कायमचं करायचं असेल तर फिल्म सोसायटी, म्हणजे सभासदांचं सिनेमा मंडळ, नोंदवा. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज १९५९ सालापासून आहे, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडेही विचारणा करा. महिन्याचा खेळ तडीला न्यायला वर्गणी भरणारे सभासदच कामाला येतात, फुकट येणारी गर्दी पावसाच्या पहिल्या सरीला पांगते.

प्रश्न : आमचाही हॉल दोनशे खुर्च्यांचा. सिनेमा दाखवतो त्याच हॉलमध्ये शास्त्रीय गाण्याची मैफल ठेवली. तबला धाडधाड, तानपुरा ऐकूच येईना, मॉनिटर (गायिकेला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून तिच्याकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवला की शिट्टी. गायिका मध्यंतरात नाराज झाल्या. एकाने भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवायला सांगितलं आहे. – एक वाचक, विटा

उत्तर : ट्रे आधी खाली ठेवा. बोलणं आणि गाणं ज्या पट्टीत असतं तिथे ते फारसा आवाज शोषत नाहीत, आणि पेटतात मात्र झटकन. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातली १९१५ची वास्तू, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. हॉलमध्ये पुठ्ठा, थर्माकोल, स्वस्त फोम काही नको. मागच्या भिंतीला भरपूर चुण्यांचा जाड पडदा लावा, भिंतीपासून वीतभर पुढे. कापड आगरोधक आहे, असं दुकानदाराकडून लिहून घ्या. सिनेमाला हॉल जितका मुका तितका बरा, गाण्याला मात्र थोडा बोलका लागतो, म्हणून हा पडदा सरकता ठेवायचा. शुक्रवारी ओढायचा, रविवारी बाजूला करायचा.

आता मुख्य गोष्ट. मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत जवारी, म्हणजे तारांचा झंकार, लावताना बघत मोठा झालो, म्हणून तानपुरा ऐकू आला नाही की मला इतरांपेक्षा जरा जास्तच राग येतो. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, घासून घासून, तारेखालचा दोरा केसभर सरकवून जो झंकार काढतो, तो सगळा वरच्या स्वरांमध्ये असतो. आणि शिट्टी यायला लागली की आपला साउंडवाला पहिलं काय करतो? ट्रेबल कापतो. झंकार गेला, खाली उरली नुसती गुणगुण, आणि तीही छताच्या पंख्यांनी खाल्ली.

शिट्टीवर उपाय जागेचा आहे. मुख्य स्पीकर गायिकेच्या पुढे हवेत, मागे किंवा बरोबरीने अजिबात नकोत. साध्या गाण्याच्या माइकला पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीमागे ठेवायचा, तोंड गायिकेकडे. माइक तोंडापासून दोन विती असेल तर एक वीत करा. तेवढ्यावर सहा डेसिबल पदरात पडतात, म्हणजे मिक्सरवर तेवढं कमी वाढवावं लागतं. मॉनिटरमध्ये तबला घालूच नका, तो गायिकेच्या शेजारीच बसलाय, तिला ऐकू येतो. तानपुऱ्याला एक माइक भोपळ्याच्या जवळ, घोडीच्या रोखाने. आणि ‘इको’ लिहिलेलं जे बटण असतं त्यावर चिकटपट्टी लावा.

दोनशे खुर्च्यांत तबल्याला माइक हवाच का, हेही एकदा विचारा. आधी सगळं बंद करून पाच मिनिटं वाजवायला सांगा, शेवटच्या रांगेत जाऊन बसा. जे कमी पडेल तेवढंच वाढवायचं. संध्याकाळी हॉल भरला की माणसं आणि त्यांचे कपडे बराच आवाज पितात. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये जे घुमतं ते रात्री तितकं घुमत नाही, म्हणून दुपारच्या घुमण्याला घाबरून मिक्सरवर सगळ्यांचा आवाज खाली ओढायचा नाही.

स्पीकरमध्ये बारीक घरघर असेल तर रंगमंचाच्या दिव्यांचा डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करायचं बटण, अर्ध्यावर करून बघा. घरघर बदलली तर चोर सापडला. साउंडची लाइन दिव्यांच्या लाइनपासून वेगळी घ्यायला वायरमनला सांगा.

प्रश्न : मैफल रात्री दहाला थांबवायलाच हवी का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बंदिस्त सभागृहात आतल्या आत ध्वनिक्षेपक लावायला २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहानंतरही मुभा आहे. उघड्या मांडवात एरवी नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभराच्या बैठका या दहाच्या काट्यानेच गेल्या. पण ‘बंदिस्त’ म्हणजे उकडतंय म्हणून उघडी टाकलेली चार दारं नव्हेत. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, शेजारच्या बाल्कनीत सहज मोडते. माझं ऐकाल तर सकाळी सहाला बैठक ठेवा. ललत आणि तोडी हे सकाळचे राग ऐकायला मिळतात, पंखे लागत नाहीत, आणि सावंतवाडीत त्या वेळी चहाला माणसं जागी असतातच.